बोर्डाला वारा लागत नाही

आमच्या विमानतळावर माणसांचं वजन करतात. सामानाचं सगळीकडेच करतात, आमच्याकडे माणसांचंही. विमानच तेवढं आहे. एकोणीस जागा, दोन पंखे, आणि आत शिरताना उंच माणसाला मान वाकवावी लागते. कोण किती जड आहे ते कळल्याशिवाय कुणाला पुढे बसवायचं, कुणाला मागे आणि टाकीत इंधन किती भरायचं, हे ठरत नाही. त्या काट्यामागच्या खुर्चीत मी गेली चौदा वर्षं बसते आहे. काट्यासमोर माणसं काय काय करतात ते मला विचारा. बूट काढतात, खिशातल्या किल्ल्या काढतात, पोट आत घेतात. जणू आत घेतलेल्या पोटाचं वजन होतच नाही. एक बाई तर सगळा श्वास सोडून उभ्या राहिल्या होत्या. मी कुणाला हसत नाही. आकडा मनातल्या मनात वाचते आणि गुपचूप लिहिते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मला स्वतःवरूनच ठाऊक आहे.

काट्याच्या वर एक बोर्ड आहे. त्यावर पलीकडच्या शहराचं नाव, त्याखाली 'हवाई अंतर : दोनशे दहा किलोमीटर', आणि त्याखाली मोठ्या अक्षरात 'प्रवासाचा वेळ : चाळीस मिनिटं'. मध्ये डोंगर आहेत. रस्ता त्या डोंगरांना मोठा वळसा घालून जातो आणि बसला दहा तास लागतात. म्हणून लोक त्या चाळीस मिनिटांकडे फार प्रेमानं बघतात. एक्केचाळिसावं मिनिट लागलं की घड्याळ दाखवत भांडायला येतात आणि ते भांडण ऐकायला मी असते. राग माझ्याही नाकावरच असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचा वेळ बरा जातो.

आणि या विमानाची कॅप्टन आहे माझी धाकटी जाऊ.

जावा जावा उभा दावा म्हणतात, ते आमच्या बाबतीत अगदीच खोटं नव्हतं. ती आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी इथे काट्यावर मुरलेली होते. मी सकाळी सहाला घरातलं आवरून कामावर यायचे. ही खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावून यायची आणि सगळा विमानतळ तिला सलाम ठोकायचा. घरी मी तिला भांडी घासायला सांगायचे, इथे ती मला "ताई, कागद तयार आहेत का?" विचारायची. आता तुम्हीच सांगा, कोण थोरली आणि कोण धाकटी.

सासूबाईंचं तिच्याशी वैर नव्हतं, पण विश्वासही नव्हता. आठ वर्षांत त्या तिच्या विमानात एकदाही बसल्या नाहीत. त्यांची थोरली बहीण, आमची मावशी, त्याच पलीकडच्या शहरात राहायची. तिला भेटायला सासूबाई वर्षातून एकदा बसनं जायच्या, दहा तास कंबर धरून. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी म्हणायचे, "आई, घरचं विमान आहे, बसा की." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "जी बाई भाजीत मीठ विसरते ती वर जाऊन काय काय विसरेल, देव जाणे."

मीठ ती खरंच विसरते. अजूनही.

सासूबाई वर्षातून एकदाच का जायच्या, त्यालाही कारण होतं. त्यांची आई शिवणकाम करून संसार चालवायची. ती गेली तेव्हा मागे राहिलं एक हातमशीन आणि दोन मुली. मशीन काही कापता येत नाही. मग बहिणींनी ठरवलं, सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. पाळी संपली की ज्या घरी मशीन असेल त्या बहिणीनं ते स्वतः घेऊन जायचं आणि दुसरीच्या हातात द्यायचं. पार्सलनं पाठवायचं नाही, नोकराबरोबर द्यायचं नाही. मशीनच्या निमित्तानं भेट व्हायची. अशी चाळीसेक वर्षं ती लाकडी पेटी डोंगराला वळसे घालत राहिली. आईवडील गेल्यावर बहीण हेच माहेर, असं सासूबाई म्हणायच्या, आणि ते माहेर त्या पेटीतून यायचं-जायचं.

दोन वर्षांपूर्वी ते थांबलं. मावशीची दृष्टी अधू झाली होती. पाळी तिची होती. सासूबाई फोनवर सहज बोलून गेल्या, "तुला आता सुईचं भोक दिसत नाही, मशीन काय नुसतं बघत बसणार?" उचलली जीभ लावली टाळ्याला. मावशीनं फोन ठेवला तो ठेवलाच. सासूबाईंनीही केला नाही. दोघी बहिणी हट्टाला एकमेकींना भारी. मशीन आमच्या खिडकीखाली राहिलं. सासूबाई रोज ते पुसायच्या, पण त्यावर एक टाका घातला नाही. पाळी त्यांची नव्हती ना.

त्या सकाळी मावशीच्या मुलाचा फोन आला. मावशीला दवाखान्यातून घरी आणलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आजचा दिवस किंवा फार तर उद्याचा. शुद्धीवर होती, बोलत होती आणि सारखं एकच विचारत होती, माझी धाकटी बहीण आली का?

सासूबाईंनी फोन खाली ठेवला. घड्याळाकडे बघितलं. बस पोचायला रात्र झाली असती.

"तिकीट काढ," त्या मला म्हणाल्या. "दुपारच्या विमानाचं."

मी माझंही काढलं. बाई पहिल्यांदाच उडणार, आणि तेही अशा वेळी. त्यांना एकटं कसं सोडायचं? काट्यावर माझ्या जागी दुसऱ्या मुलीला बसवलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रांगेत, काट्याच्या पुढच्या बाजूला उभी राहिले. विमान भरलेलं होतं. एकोणीसच्या एकोणीस जागा गेल्या होत्या. शेवटच्या दोन आमच्या.

सासूबाई काट्यापाशी आल्या आणि काट्याला वळसा घालून पुढे गेल्या.

"आई, वर उभं राहायचं असतं," मी म्हटलं.

"घरच्या माणसाला कसलं वजन? पंचावन्न लिही म्हणावं तिला."

पंचावन्न सासूबाई कधी काळी असतीलही. तेव्हा माझा जन्म झालेला नसावा. खुर्चीतली मुलगी माझ्याकडे बघायला लागली. सासूबाईंनी तोवर आपली मोठी बॅग स्वतःच उचलून सामानाच्या ढिगावर ठेवली होती आणि "कपडे आहेत" असं सांगूनही टाकलं होतं. बॅग टेकली तेव्हा कपड्यांचा येत नाही असा आवाज आला. मुलगी बिचारी नवीन होती. समोर कॅप्टनची सासू. तिनं कागदावर पंचावन्न लिहिलं, बॅगेचं काहीच नाही.

तेवढ्यात धाकटी आतल्या खोलीतून हवामानाचा कागद घेऊन आली. फोनचं तिला भाऊजींनी कळवलं होतंच. तिनं सासूबाईंना वाकून नमस्कार केला, त्यांचा हात क्षणभर हातात धरला आणि म्हणाली, "मी नेते तुम्हाला." मग प्रवाशांच्या वजनांचा कागद उचलला. वरून खाली बोट फिरवत आली. पंचावन्नपाशी बोट थांबलं.

"आई," ती म्हणाली, "काट्यावर उभ्या राहा."

रांगेतली सगळी माणसं बघत होती. सासूबाईंचा चेहरा असा झाला, जणू कुणी तोंडात मारली. "तू मला सांगतेस? चारचौघांत?"

"हो, आई. बॅगही घ्या बरोबर."

मी आमच्या घरात पंचवीस वर्षं काढली आहेत. सासूबाईंना असं कुणी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं, सासऱ्यांनीसुद्धा नाही. पण धाकटी हलली नाही. आवाज चढवला नाही, गयावया केली नाही, हसून साजरंही केलं नाही. नुसती काट्याशेजारी उभी राहिली. सासूबाई चढल्या. चौऱ्याहत्तर. मग बॅग ठेवली. बावीस. बॅगची चेन धाकटीनं उघडली. कपडे वरवर होते. खाली ती लाकडी पेटी होती.

"तिची पाळी आहे," सासूबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

धाकटीनं चेन पुन्हा लावली. लावताना तिचा हात त्या पेटीवर जरासा थांबलेला मला दिसला. मग ती म्हणाली, "एकेचाळीस किलो जास्त होतात."

"मग पेट्रोल कमी घाल!" सासूबाई एकदम उसळल्या. "चाळीस मिनिटांचा तर रस्ता!"

रांगेतल्यांना तेवढंच हवं होतं. एक गृहस्थ होते, कंत्राटदार, दर आठवड्याला जाणारे. ते बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाले, "बरोबर आहे आजींचं. इथे लिहिलंयच की. चाळीस मिनिटांना टाकी भरून काय करायचंय?"

"काका," धाकटी म्हणाली, "बोर्डाला वारा लागत नाही. विमानाला लागतो."

आणि मग तिनं समजावून सांगितलं, शाळेतल्या मुलांना सांगावं इतकं सरळ. अंतर तेवढंच आहे, पण आज वारा समोरून आहे, जोराचा. म्हणजे तिकडे पोचायला तास लागेल. पलीकडे पावसाच्या सरी आहेत. सर धावपट्टीवर असेल तर ती जाईपर्यंत वर थांबावं लागेल. आणि नाहीच गेली, तर परत इकडे येण्यापुरतं इंधन टाकीत हवंच. "ते परत येण्याचं मी कशालाच हात लावू देत नाही. म्हणजे कमी करायचं तर वर थांबण्याचं कमी होणार. एकेचाळीस किलो म्हणजे नऊ मिनिटांचं थांबणं, आणि आज आहे तेच मुळी नऊ मिनिटांचं."

आता माझा पारा चढला. मी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. "अगं, नऊ मिनिटांसाठी काय अडवून धरतेस? बहीण शेवटच्या घटका मोजते आहे त्यांची! बाहेरच्या माणसांना तू नियम दाखव, घरच्यांना तरी—"

"घरच्यांसाठीच सांगते आहे, ताई," ती म्हणाली. तिचेही डोळे ओले होते, ते मला तेव्हा दिसले. "त्यांना तिथे पोचायचंय. नुसतं इथून निघायचं नाहीये."

मी तिचा दंड सोडला.

मशीन ठेवून जायला सासूबाई तयार होणार नव्हत्या, ते मला सांगायला नको होतं. ते मशीन नाही तर बहिणीला तोंड कसं दाखवायचं? मग बाकीच्या सतरा जणांपैकी कुणाला उतरवायचं? एक तरुणी तान्हं मूल घेऊन होती, दोन विद्यार्थी परीक्षेला चालले होते, आणि कंत्राटदार तर बोर्डाखालीच रुतून बसले होते. मी धाकटीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दामच बघत नव्हती. तिनं ते माझ्यावर सोडलं होतं.

"मी उतरते," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, कागद घेतला आणि माझ्या नावावर रेघ मारली. आणि मग, सगळ्या रांगेसमोर, खणखणीत आवाजात इंधनवाल्याला सांगितलं, "ताईंचे एकोणऐंशी गेले. त्यातून एकेचाळीस वजा. अडतीस उरले. अडतीस किलो इंधन जास्त भर."

चौदा वर्षं जपलेली मूठ अशी उघडली. एका विद्यार्थ्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पटकन खाली घातली. मी मनात म्हटलं, बाई, विमान परत येऊ दे, मग बघते तुझ्याकडे.

पैलवान म्हणून आमचा एक लोडर आहे. त्यानं ती पेटी दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलाला उचलावं तशी उचलून नेली. सासूबाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. आमच्या विमानात पायलट आणि प्रवासी यांच्यामध्ये फक्त एक पडदा असतो आणि तो बांधूनच ठेवतात. म्हणजे सगळा वेळ सासूबाईंच्या डोळ्यांसमोर सुनेची पाठ असणार होती. मी काचेतून बघत राहिले. पंखे फिरले, विमान धावलं, उठलं आणि डोंगराकडे वळलं.

मी घरी गेले नाही. रजा तर टाकलेलीच होती. टॉवरचा जिना चढून वर गेले. टॉवरवाला शांत माणूस आहे, मला घाबरूनही असतो. त्यानं न बोलता एक स्टूल पुढे सरकवलं.

चाळीस मिनिटं झाली. बोर्डाच्या हिशोबानं सासूबाई उतरून बहिणीच्या घराच्या रस्त्याला लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात विमान अजून डोंगरांवर होतं. तास होत आला तेव्हा पलीकडच्या टॉवरशी बोलणं झालं. टॉवरवाल्यानं कानावरचं यंत्र जरा बाजूला केलं.

"सर आली तिकडे. ऐन धावपट्टीवर. मॅडम खाली आल्या होत्या, पट्टी दिसली नाही, परत वर गेल्या."

"मग आता?"

"थांबल्यात. घिरट्या घालतायत."

"किती वेळ थांबता येईल?"

तो पलीकडे बोलला, ऐकलं, कागदावर काहीतरी लिहिलं. "सतरा मिनिटं म्हणतायत. मग परत फिरणार."

सतरा. मी अंकगणितात कधीच हुशार नव्हते, पण हे गणित मला कुणी समजावून सांगायला नको होतं. नऊ मिनिटं जी तिनं कमी करू दिली नाहीत. आणि माझ्या अंगाची आठ. आमचं सगळ्यांचं ऐकलं असतं तर तिच्याकडे थांबायला काही उरलंच नसतं. पट्टी दिसली नाही म्हटल्याबरोबर तिला तोंड फिरवून घरी यावं लागलं असतं, सासूबाई आणि ती पेटी घेऊन.

मी खिडकीतून बाहेर बघत बसले. इकडे आकाश स्वच्छ होतं. खाली पैलवान पाइपनं पायऱ्यांची गाडी धूत होता. पाच मिनिटं गेली. दहा गेली. टॉवरवाल्याला काही विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि तीन वेळा विचारलं. नऊ मिनिटांच्या पुढे जे काही चाललं होतं ते माझ्या खात्यावर चाललं होतं. मी कधी कुणापुढे हात जोडत नाही, पण तेव्हा जोडले.

"पट्टी दिसायला लागली," तो एकदम म्हणाला. मग पेन्सिल हातात धरून ऐकत राहिला. मग कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "उतरल्या."

मी जिना उतरून खाली आले आणि काट्यामागच्या माझ्या खुर्चीत जाऊन बसले. तिथे मला बरं वाटतं.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "पोचले. बोलतोय आम्ही. ठेव." मागे मशीनचा टकटक आवाज येत होता. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना मावशी गेली.

सासूबाई दोन आठवडे तिकडे राहिल्या आणि धाकटीच्याच विमानानं परत आल्या. या वेळी वारा पाठीमागून होता, अर्ध्या तासात आल्या. पायऱ्या उतरल्या आणि थेट माझ्या काट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. पुढच्या फेरीची रांग लागली होती. सगळ्यात पुढे एक बाई "बावन्न लिहा हो" म्हणत होत्या. सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"खरं सांगा, बाई," त्या म्हणाल्या. "माझी सून वर त्या आकड्यावर उभी असते."

बाई निमूटपणे काट्यावर चढल्या.

रात्रीचं जेवण धाकटीनं केलं होतं. सगळे जेवायला बसलो. सासूबाई सांगत होत्या आणि सगळे ऐकत होतो. धाकटी तेवढी खाली बघत होती.

"पहिल्यांदा खाली गेलो तेव्हा बाहेर नुसतं पांढरं. मग ही झपकन वर घेऊन गेली. मागचा तो कंत्राटदार देवाचं नाव घ्यायला लागला. मग हिनं माइकवर सांगितलं, 'पाऊस आहे, आपण थांबतोय. माझ्याकडे थांबायला पुरेसं इंधन आहे. नाही सरला पाऊस तर घरी परत जाऊ.' घरी परत! मला राहवेना. मी मागून ओरडले, 'अगं, एकदा घुसून तरी बघ! माझी बहीण आहे तिकडे!'"

"मग?" भाऊजींनी विचारलं.

"मग काय. मान न वळवता म्हणाली, 'नाही, आई.'" सासूबाईंनी धाकटीकडे बघितलं. "आयुष्यभर मी सुनांकडून 'हो आई' ऐकत आले. ते 'हो' कसलं असतं ते मला कळत नाही असं समजू नका. पण हिच्या 'नाही'मध्ये राग नव्हता, भीती नव्हती, काही नव्हतं. त्या 'नाही'वर मी पाठ टेकून बसले. म्हटलं, ही नेईल. नाही नेता आलं तर परत आणेल. पण टाकणार नाही कुठे."

धाकटीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. खांद्यावर पट्ट्या नसल्या की ती फार लहान दिसते. मी तिच्याकडे बघत होते आणि मला वाटलं, चौदा वर्षं मी माणसांची वजनं करते, पण हिचं वजन मला कधी कळलंच नव्हतं. आमच्या सगळ्यांचं रडणं-रागावणं एका बाजूला आणि ही एकटी एका बाजूला, आणि तरी काटा तिच्याकडेच झुकलेला. असा माणूस आपल्या घरात जेवतो-झोपतो आणि आपण त्याच्या मिठाच्या गोष्टी सांगत बसतो. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगीच नाही.

"मावशी काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही. मशीन पलंगावर ठेवायला लावलं. हात फिरवला. म्हणाली, 'चालव.' मी म्हटलं, कापड नाही, दोरा नाही. म्हणाली, 'आवाज तर आहे?' मग मी नुसतं हँडल फिरवत बसले. ती ऐकत होती. मध्येच म्हणायची, आईला असं यायचं, आईला तसं यायचं. मी म्हटलं, तुला बोलले ते विसर. ती म्हणाली, 'कधी बोललीस?'" सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "सगळं लक्षात होतं हो तिच्या. मुद्दाम म्हणाली."

आमचे हे म्हणाले, "मशीन कुठे आहे? विमानातून उतरवलं नाही का?"

"तिकडेच आहे. तिची पाळी अजून संपलेली नाही." त्यांनी बोटं मोजली. "साडेपाच महिने आहेत. मग आणायला जाईन. ए, तिकीट आत्ताच लिहून ठेव माझं. माझे चौऱ्याहत्तर. येताना मशीनचे बावीस."

"मी येऊ बरोबर?" मी विचारलं. मागच्या वेळी राहिलंच होतं माझं.

सासूबाईंनी पहिला घास तोंडात घातला. थांबल्या. आम्ही सगळे थांबलो. भाजीत मीठ नव्हतं. त्यांनी काही न बोलता मिठाची बरणी ओढली, आपल्या भाजीवर चिमूटभर घातलं आणि बरणी पुढे सरकवली.

"तू नको येऊस," त्या मला म्हणाल्या. "तू खाली राहिलीस म्हणून ती वर थांबू शकली. मला सांगितलंय तिनं. शेवटची आठ मिनिटं तुझी होती."

माझ्या एकोणऐंशी किलोंबद्दल आजवर कुणी चांगला शब्द काढला नव्हता. मी धाकटीकडे बघितलं. तिनं बरणी माझ्यापुढे धरली होती. मी मीठ घेतलं, गरजेपेक्षा जरा जास्तच, आणि मान खाली घालून जेवत राहिले. डोळे भरले होते, आणि जावेसमोर रडायची मला सवय नाही.